नळीला चढलेली शिशाची कल्हई (थ्रेड)

१८५७ च्या काडतुसांवरील चरबीची कथा शाळेच्या पाठ्यपुस्तकापासून सर्वांना परिचित आहे. ती चरबी गायीची की डुकराची, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. ती मुळात तेथे कशासाठी होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

एन्फिल्ड रायफलीच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच. गोळी त्याहून किंचित लहान, मऊ शिशाची, कागदात गुंडाळलेली. आधीच्या फैरींची काजळी साचली असली तरी चरबीमुळे ती गजाने खाली सरकत असे. बार उडताच दाबाने मऊ शिसे फुगत असे, नळीतील पेचदार खाचांत घट्ट बसत असे आणि मागचा तप्त वायू अडवून धरत असे. वंगण आणि हे फुगणे, या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुढे अमेरिकेत जे घडले ते त्यांच्याच विस्मरणातून.

१९३५ साली स्मिथ अँड वेसन कंपनीने .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आणले. पहिले नोंदणीकृत शस्त्र एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांना देण्यात आले. मोटारीतून पळणाऱ्या दरोडेखोरांचा तो काळ होता. पत्रा भेदणारी गोळी पोलिसांना हवीच होती. १५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे दहा ग्रॅमची शिशाची गोळी पावणेनऊ इंची नळीतून सेकंदाला १,५१५ फूट वेगाने सुटते, अशी जाहिरात झाली. जुन्या .३८ स्पेशलच्या नेहमीच्या काडतुसाचा वेग साडेआठशे फुटांच्या आसपास असे.

आनंद अल्पकाळ टिकला. थोड्याच फैरींनंतर नळीला आतून जणू कल्हई चढे. खाचा शिशाने बुजत, गोळीला नीट पीळ बसेना, नेम भरकटे. ज्याचा जीव त्या नेमावर अवलंबून होता, त्याच्यासाठी हा केवळ साफसफाईचा प्रश्न नव्हता.

आयडाहोचे पशुपालक आणि नेमबाज एल्मर कीथ आपल्या गोळ्या स्वतः ओतत: सोळा भाग शिसे, एक भाग कथील, आणि वंगण धरून ठेवण्यासाठी खोल, चौकोनी खाच. हौशी मंडळींनी मात्र त्यातून सोयीचा धडा उचलला, तो म्हणजे ‘गोळी कठीण करा’. मग छापखान्यांतील लायनोटाइपचा धातू वितळू लागला: ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. (मराठी छापखान्यांत ज्यांची जुळणी होई ते खिळेही याच तीन धातूंच्या मिश्रणाचे.) गोळ्या कठीण झाल्या, अनेकांच्या नळीतला थर मात्र तसाच राहिला.

याचे कारण रिव्हॉल्व्हरच्या रचनेत आहे. येथे काडतूस नळीत नसते. ते फिरत्या चक्राच्या घरात असते. गोळी घराच्या तोंडातून निघते, बारीकशी फट ओलांडते आणि नळीच्या शंकूसारख्या मुखात शिरते. घराचे तोंड नळीतील खाचांच्या व्यासाहून अरुंद असेल, तर गोळी तेथेच आवळली जाते आणि नळीत ढिली पडते. एन्फिल्डची मऊ गोळी फुगून ती फट बुजवी. कठीण गोळी फुगत नाही. मग वायू कडेने पुढे धावतो, शिसे खरवडतो, वितळवतो आणि डाख दिल्यासारखे पोलादाला चिकटवतो. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. दारूची ज्योत त्याहून कितीतरी तप्त असते.

म्हणून जाणकार नेमबाज आधी थर कोठे आहे ते पाहतो. नळीच्या आरंभी असेल, तर संशय मापावर. तोंडाकडील टोकाशी असेल, तर वंगण वाटेतच संपले. खाचांच्या कडेकडेने असेल, तर वेगाच्या मानाने गोळी फारच मऊ आणि पीळ न घेता घसरलेली. म्हणजे कठीणपणाचा सल्ला सर्वस्वी खोटा नव्हता, तो सर्वत्र लावला गेला हेच चुकले. त्यानंतर तो रिकाम्या शस्त्राच्या नळीतून मऊ शिशाचा गोळा हलकेच ठोकून बाहेर काढतो आणि मायक्रोमीटरने मोजतो. चक्राची घरेही तशीच मोजतो. खाचांचा व्यास ०.३५७ इंच भरला, तर ओतीव गोळी ०.३५८ ची हवी, आणि घराच्या तोंडाने ती तशीच जाऊ द्यायला हवी.

१९५६ मध्ये .४४ मॅग्नम बाजारात आले, तेव्हा रेमिंग्टनने शिशाच्या गोळीच्या बुडाशी धातूची पातळ वाटी बसवली होती. मिश्रधातू अधिक कठीण करण्यापेक्षा वायू अडवणे तिला अधिक साधले. ही युक्तीही नवी नव्हती. हाताने गोळ्या ओतणाऱ्यांकडे ती विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच होती. पुढे तांब्याचे आवरण असलेल्या गोळ्या रूढ झाल्या आणि बहुतेकांपुरता प्रश्न मिटला. जे अजून शिसे ओततात, त्यांच्या पेटीत मेणाच्या वडीशेजारी मायक्रोमीटर आणि नळी घासायची पितळी जाळी असतेच.