उंच बॉनेटची जीप

काकांची जीप नावाला महिंद्राची, हाडापेरानं अमेरिकन. विलिसनं १९५३ साली काढलेलं ते सीजे-३बी मॉडेल. नवं हरिकेन इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. आधीच्या जीपांइतकी ती देखणी नाही म्हणतात. म्हणोत! पेट्रोल मात्र इतकं प्यायची, की काकांनी शहाद्याच्या मिस्त्रीकडून डिझेल इंजिनच बसवून घेतलं. माउंटिंग नव्यानं वेल्ड केली, पुढचे पाटे जाड केले, मागं समोरासमोर बाकडी, वर ताडपत्री. आवाज वाढला, खर्च घटला.

खरी मजा तोरणमाळच्या घाटात. गिअर तीनच, त्यात पहिल्याला सिंक्रो नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच. चुकला की गिअरबॉक्स करकरायचा आणि मागून काकूंचा ‘देवा!’ यायचा. चिखल लागला की बाजूचा छोटा दांडा टाकायचा, मग पुढची चाकंही ओढू लागत. डिझेलची टाकी थेट चालकाच्या सीटखाली. तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही.

डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पोरं घोडे सोडून जीपभोवती जमायची. काकांना ते फार आवडायचं, दाखवायचे नाहीत.

काल मुलानं विचारलं, पॉवर स्टिअरिंग होतं का? म्हटलं, दंड होते.