धनुष्याच्या कडेचा हिशेब

जॉर्ज एअरीने १८३८ मध्ये इंद्रधनुष्याच्या कडेच्या प्रकाशाचं गणित मांडलं. त्यामागचं समीकरण दिसायला गरीब: फलनाचा दुसरा विकलज म्हणजे ‘क्ष’ गुणिले तेच फलन.

घातश्रेणी घालताच सहगुणक सुटतात: १, १/६, १/१८०... गुणोत्तर कसोटी लावली की श्रेणी प्रत्येक ‘क्ष’साठी अभिसारी. परीक्षेत इथे पैकीच्या पैकी गुण!

पण ‘क्ष’ उणे दहा घेतला, तर मधली पदं कोटींच्या घरात जातात, एकमेकांना खोडतात आणि उत्तर एकाहूनही लहान उरतं. हाताने आकडेमोड करणाऱ्याचे हालच.

१८५० मध्ये स्टोक्सने चक्क अपसारी श्रेणी वापरली. योग्य पदाशी थांबून त्याने पहिली ५० शून्यस्थानं काढली, म्हणजेच धनुष्याच्या कडेच्या तितक्या काळ्या पट्ट्यांच्या जागा. अभिसरणाचा दाखला नसलेलीच श्रेणी कामाला आली.