ऊन पाणी

जगातील सुखांची यादी करावयास कोणी बसला, तर पौषातल्या पहाटे अंगावर ओतून घेतलेल्या ऊन पाण्याच्या पहिल्या तांब्याला तीत बरेच वरचे स्थान द्यावे लागेल. मात्र हे सुख भोगणाऱ्याच्या आधी कोणाला तरी उठावे लागते. आमच्या घरी ते उठणे गेल्या वर्षापर्यंत माझ्या आईकडे होते.

आमचे घर पुण्यातील एका जुन्या पेठेत आहे. आजोबांनी ते बांधले तेव्हा तांबट आळीतून आणलेला तांब्याचा बंब तळमजल्याच्या न्हाणीघरात नांदत होता. ज्या तरुण वाचकांनी बंब पाहिला नसेल, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की त्याच्या पोटातून एक उभी नळी गेलेली असते. तिच्या तळाशी जाळी असते. नळीत करवंट्या, ढलप्या आणि गोवरीचे तुकडे टाकून विस्तव करावयाचा. नळीला चहूबाजूंनी पाण्याचा वेढा असल्यामुळे बरीचशी धग पाण्याच्याच पदरी पडते. वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतावे, तेव्हा तोटीतून तेवढेच कढत पाणी बाहेर येते. काही घेतल्यावाचून काही द्यावयाचे नाही, हा त्याचा बाणा आमच्या पेठेत कोणालाच कधी खटकला नाही.

बंबाचे गोडवे गाणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी चिंचेने घासून लखलखीत केलेला बंब, त्याच्या गळ्यातील झेंडूची माळ, घंगाळातून निघणारी वाफ, हे सारे खरेच आहे. पण माझे एक निरीक्षण नोंदवून ठेवतो : असे लिहिणारे बहुधा पुरुष असतात, आणि त्यांतील फारच थोड्यांनी बंब स्वतः पेटविलेला असतो. श्रावणात ओलसर ढलप्या पेटता पेटत नाहीत आणि कोंडलेल्या न्हाणीघरात धूर साचतो, तो ह्या लेखांत कोठेच दिसत नाही. आई लग्न होऊन ह्या घरात आली, तेव्हापासून तो धूर तिच्या वाट्याला आला. आता ती ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या हिवाळ्यात तिचा खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी धूर बंद करा म्हणून निक्षून सांगितले, आणि आमच्या घरात प्रथमच पाणी तापविण्याच्या प्रश्नावर सभा भरली.

माझ्या मुलाने गॅसच्या गीझरची सूचना मांडली. खर्च थोडा, पाणी तत्काळ. गीझर हा शब्द आइसलंडमधील एका उसळत्या उन्हाळ्याच्या नावावरून आला. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉन ह्याने गॅसवर पाणी तापविणाऱ्या आपल्या यंत्राला ते नाव दिले. त्या यंत्राला धुराडे नव्हते. आज दीडशे वर्षांनंतरही कित्येकांच्या घरी हा गीझर लहानशा बंद न्हाणीघरातच बसविलेला असतो, आणि हिवाळा आला की त्यापायी कोणाचा तरी प्राण गेल्याची बातमी वाचावी लागते. गॅस नीट जळण्यास हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो पटकावतो, आणि माणसाला कळावयाच्या आत त्याची शुद्ध हरपते. बंबाचा धूर निदान खोकवून माणसाला बाहेर तरी काढतो. आमच्या न्हाणीघराला झरोका आहे तो वीतभर. सूचना नामंजूर झाली.

विजेचा गीझर माडीवर आहेच. पंचवीस लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे सव्वा युनिट वीज लागते, हा हिशेब मी कागदावर मांडून दाखविला, आणि पाच माणसांच्या रोजच्या स्नानांनी त्यास गुणले. मग सौभाग्यवतीने गच्चीकडे बोट दाखविले.

उन्हावर पाणी तापविणे ही नवी कल्पना नव्हे. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प ह्याने काच लावलेल्या पेटीत काळ्या टाक्या ठेवून १८९१ साली पेटंट घेतले. त्याची अडचण एवढीच, की दिवसभर तापलेले पाणी रात्रीत निवून जाई. पुढे १९०९ मध्ये विल्यम बेली ह्याने तापविणारा भाग आणि साठविणारी टाकी वेगळी केली, आणि टाकीला उष्णता बाहेर न जाऊ देणारे वेष्टन घातले. ऊन पाणी हलके म्हणून वर चढते, गार पाणी जड म्हणून खाली उतरते. त्यामुळे टाकी वर ठेवली की पंपावाचून काम चालते. आमच्या गच्चीवर आले आहे ते ह्याच तत्त्वावरचे. दोनशे लिटर म्हणजे पाण्याचेच वजन दोनशे किलो, म्हणून जुन्या तुळया आधी तपासून घेतल्या.

आईची हरकत मात्र निराळ्याच दिशेने आली.

“म्हणजे काल तापलेले पाणी आज अंगावर घ्यायचे? शिळे?”

“आई, सूर्याने तापवलेले पाणी शिळे कसे होईल?” सौभाग्यवती म्हणाली.

हे उत्तर तिला पटले असावे. थोड्या वेळाने ती हलकेच म्हणाली, “पण मग मी पहाटे उठून करू काय?”

ह्या प्रश्नावर सभेत कोणीच बोलले नाही. धूर जावा असे आम्हांला वाटत होते. पण घर जागे होण्यापूर्वीचा तो तास तिचा एकटीचा होता, आणि तिच्या हाताखालून गेल्यावाचून कोणाच्या अंगावर पाणी पडत नव्हते, हे आमच्यापैकी कोणी हिशेबात धरले नव्हते.

यंत्र बसले. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतचा नळ लांबलचक आहे, आणि रात्रभर त्यात पडून राहिलेले पाणी निवते. तोटी सोडली की आधी अर्धी बादली गारच येते. पहाटे ती काढीत उभे राहण्यास घरात कोणी तयार नाही. म्हणून पाच वाजता आई उठते, ते पाणी बादलीत धरते, परसातील तुळशीला आणि जास्वंदीला घालते, आणि कढत धार लागली की जिन्याखाली उभी राहून नातवाला हाक मारते, “ऊठ रे, पाणी आले!”