खुंटी कोणी फिरवायची?

‘आमची वेव्हलेंथच जुळत नाही,’ हे वाक्य आजकाल घरोघरी ऐकू येते. काही वर्षांपूर्वी मीही ते माझ्या मुलाविषयी उच्चारले होते. चांगल्या पगाराची नोकरी सोडून त्याने डाळिंबाची बाग लावली, तेव्हापासून आमचा संवाद रविवारच्या दोन मिनिटांच्या फोनपुरता उरला होता.

या शब्दाशी माझी पहिली ओळख झाली ती वडिलांच्या कापडदुकानातील रेडिओमुळे. त्याच्या काचेवर मीटरचे आकडे छापलेले होते. “कापड मीटरने मोजतात, आवाज कसा मोजणार?” असे मी विचारले, तेव्हा वडील नुसते हसले. उत्तर पुढे शाळेत मिळाले. लाटेच्या एका शिखरापासून लगतच्या शिखरापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. रेडिओचा तरंग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. केंद्राची वारंवारता १००० किलोहर्ट्झ असेल, तर वेगाला वारंवारतेने भागून तरंगलांबी येते ३०० मीटर. बँकेत जन्मभर आकडेमोड केली, पण इतका सुबक हिशेब क्वचितच पाहिला.

निवृत्तीनंतर एकदा नातीचे विज्ञानाचे पुस्तक चाळत होतो. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ७०० नॅनोमीटर, जांभळ्याची सुमारे ४००. एवढे अंतर असूनही हे रंग सूर्यप्रकाशात एकत्र नांदतात, अवकाशातून एकाच वेगाने येतात आणि आपल्याला शुभ्र उजेड देतात. म्हणजे तरंगलांबी वेगळी असणे हा काही दोष नव्हे, आणि भांडणाचे कारण तर नव्हेच.

मग जुना रेडिओ आठवला. बातम्यांच्या वेळी वडील खुंटी हलक्या हाताने, तांदळाच्या दाण्याएवढी सरकवीत. खरखर थांबेपर्यंत त्यांचा धीर सुटत नसे. केंद्र आपल्यासाठी तरंगलांबी बदलत नाही; ज्याला ऐकायचे असते, त्यानेच खुंटी फिरवायची असते. मी मात्र इतकी वर्षे केंद्रानेच सरकावे म्हणून अडून बसलो होतो.

त्या रविवारी ‘यंदा किती तोटा?’ हा नेहमीचा प्रश्न मी गिळला आणि विचारले, “यंदा कोणता बहार धरलास?”

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. “बाबा, तुम्हाला खरंच ऐकायचंय?”

मग बहारापूर्वी पाणी तोडून झाडांना ताण का द्यावा लागतो, तेल्या रोगाची धास्ती कशी असते, हे सारे तो सांगत राहिला. फोन ४० मिनिटे चालला. त्यात मी सल्ला एकही दिला नाही.

नोकरी सोडण्याचा त्याचा निर्णय मला आजही पूर्णपणे पटलेला नाही, आणि ते त्यालाही ठाऊक आहे. परंतु वेव्हलेंथ जुळत नाही, असे मी आता म्हणत नाही. खरखर वाढू लागली की आधी माझाच हात खुंटीकडे जातो.