एक आल्टो, तीन रस्ते

आमची आल्टो 2007 ची. 2022 साली पंधरा वर्षे भरली तेव्हा नूतनीकरण करून पाच वर्षे वाढवून घेतली, ती मुदत 2027 ला संपते. इंजिन 796 सीसीचे, अजून कुरकूर नाही. पण आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून त्या गाडीत बसणे म्हणजे खाली उतरणे झाले आहे आणि बाहेर येताना दोघांनी हात द्यावे लागतात. नवी गाडी घ्यायची ठरली ती या कारणाने.

घरात मते तीन. भावाला बोलेरो हवी, कारण जांबोटीच्या पुढे आमचे थोडे भातशेत आहे. मुलीला इलेक्ट्रिक हवी. बायको म्हणाली, "अहो, मागं दोघी नीट बसतील अशी बघा, बाकी काय ते तुम्ही ठरवा." दोघी म्हणजे माझी आई आणि तिची आई. सासूबाई बैलहोंगलच्या, घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. लग्न झाले तेव्हा आईला कन्नड येत नव्हते आणि अव्वांना मराठी. दोघींची बोली जमली ती आल्टोच्या मागच्या सीटवर, कारण तिथे एकमेकींना टेकूनच बसावे लागायचे. आजही आई मराठीत विचारते, अव्वा कन्नडमध्ये उत्तर देतात आणि भांडण मात्र दोन्ही भाषांत चालते.

म्हणून ठरवले, शोरूमभोवती एक चक्कर मारून निर्णय करायचा नाही. ज्या रस्त्याने आपण खरोखर जातो त्याच रस्त्याने गाडी न्यायची. नातलगांकडे तिन्ही गाड्या होत्या, त्या मागून घेतल्या.

पहिली बोलेरो, शेताकडे. कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडली की झाडी दाट होते आणि पावसाळ्यानंतर या रस्त्याचे काही खरे नसते. भाऊ खड्डा बघून वेग कमी करत नव्हता, वाढवत होता! मोठी चाके, खाली लोखंडी चेसिस, मागे कमानपाटे. शेताच्या वाटेवर आल्टो जिथे थांबते तिथून ही गाडी पुढे बांधापर्यंत गेली. भाताची चार पोती मागे टाकली तेव्हा तर ती अधिकच शांत चालू लागली. कमानपाट्यांचे तसेच असते, ओझे आले की ते बरे वागतात. पण आईला पायरीवर पाय ठेवून चढवताना भाऊ खालून आणि मी वरून, अशी कसरत झाली. अव्वा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इष्ट दोड्ड गाडी याक बेकू?" आम्ही वर्षातून दोनदा पोती आणतो आणि आठवड्यातून दोनदा आईला दवाखान्यात नेतो. हा हिशेब भावाला मी त्या दिवशी सांगितला नाही.

दुसरी गाडी इलेक्ट्रिक, छोटी हॅचबॅक, बॅटरी 24 युनिटांची. ती चोर्ल्यातून गोव्याला नेली, कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला. जाऊन-येऊन अंतर दोनशे किलोमीटरच्या वर. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांबलो, तिथे मलप्रभेचा उगम. तिथून पाणी पूर्वेला जाते आणि आम्ही पश्चिमेला निघालो. घाट उतरताना मुलीने एक्सिलेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप आखडत होती आणि काट्यावर बॅटरी वाढत होती. घाटमाथ्यावर 76 टक्के, खाली केरीला 79. अंजुणे धरणाचे पाणी बघायचे सोडून आम्ही सगळे काटा बघत होतो. आवाज नसल्यामुळे मागच्या दोघींचे बोलणे प्रथमच शब्दन् शब्द ऐकू आले. (ते सगळेच ऐकण्यासारखे होते असे नाही.)

परतीची गोष्ट वेगळी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच आहे. म्हणजे गोव्याला जाणे हा उतार आणि घरी येणे हा चढ. गाडी आणि माणसे मिळून साधारण चौदाशे किलो वजन तेवढे वर न्यायला, नुसत्या गणिताने, तीन युनिटे लागतात. रस्ता कापण्याचा खर्च वेगळा. देवळापासून जवळचा चार्जर बंद निघाला. दुसरा एका हॉटेलच्या आवारात मिळाला, तिथे पाऊण तास बसलो. आईने भजी मागवली, अव्वांनी डुलकी काढली. केरीला 72 टक्के होते, माथ्यावर 52 राहिले. घरी पोचलो तेव्हा 27. गाडी वाईट नाही. गावात फिरायला उत्तमच. पण रात्री दवाखान्याची वेळ आली तर काटा किती आहे हे आधी बघावे लागेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

या गाडीबद्दल भाऊ मात्र गप्प होता. तो उद्यमबागमध्ये एका मशीन शॉपमध्ये आहे, क्रँकशाफ्टचे काम करतो. बॉनेट उघडून त्याने बराच वेळ आत बघितले आणि म्हणाला, "ह्यात क्रँकच नाही की." बेळगावच्या किती घरांत चूल या एका वस्तूवर पेटते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मुलीने त्याला काही समजावायचा प्रयत्न केला नाही, हे मला बरे वाटले.

तिसरी वॅगन आर, सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला. हा रस्ता सगळा मोकळा, काळ्या मातीचा, दोन्ही बाजूंना जोंधळा आणि हरभरा. या गाडीबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. एकच सांगतो. आई दाराशी पाठ करून उभी राहिली, मागे टेकली आणि बसली. वर चढणे नाही, खाली जाणे नाही. उतरतानाही स्वतःच उतरली, हात मागितला नाही. अव्वांनी ते बघितले आणि काही बोलल्या नाहीत, फक्त स्वतःही तशाच बसून बघितल्या.

किमतीत कराचा मुद्दा निघाला होता. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के झाला. बोलेरोसुद्धा चार मीटरच्या आतच बसते, त्यामुळे त्या दोघींत फरक उरला नाही. इलेक्ट्रिकवर पाच टक्के. शेजाऱ्यांनी सीमाभागातला नेहमीचा सल्ला दिला: कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच 09 घ्या, रस्ता कर वाचेल. पण बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी इथे ठेवली की इथला नंबर घ्यावाच लागतो, आणि आमची गाडी बाराही महिने इथेच असणार. केए 22 च घेणार.

बुकिंग केले ते वॅगन आरचे, 1200 सीसी, पेट्रोल. सीएनजी घेतली नाही, कारण डिकीत सिलिंडर आले तर भावाचे एक पोतेही बसणार नाही. त्याला तेवढे तरी द्यायला हवे होते. आता रंगावरून चालू आहे. आईला पांढरा हवा आणि अव्वा म्हणतात, "बिळी बेड, धूळ काणस्तद."