येळवशीची भज्जी

दिवाळी सरली की पुण्या-मुंबईच्या मंडळींना प्रवासाचे वेध लागतात आणि ती थेट महाबळेश्वर गाठतात. माझे म्हणणे एवढेच, की एकदा मार्गशीर्ष अमावास्येला लातुरास यावे. बाजारपेठेत त्या दिवशी चिटपाखरू दिसायचे नाही. सारे शहर शेतात जेवायला गेलेले असते! ही वेळा अमावास्या, बोलण्यात येळवस. कानडीतल्या येळ्ळ अमावास्येशी तिचे सख्खे नाते. नांदेड जिल्ह्यातही लातूरशेजारच्या गावांत ती पाळतात. गोदाकाठच्या माझ्या विद्यार्थ्यांना मात्र भज्जी म्हटले की कढईतली भजीच आठवतात.

कडब्याची कोप, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, म्हणजे पाच दगड. पूजा झाली की पंगत. भज्जीत तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, पावटा, भुईमूग, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगे, जे रानात असेल ते. वर चिंचेचा कोळ आणि दाटपणापुरते बेसन. सोबत बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गार आंबील. अशी भज्जी चौघांपुरती करता येत नाही, करू नयेच.

स्पेन-पोर्तुगालातही असाच हंडा चढतो. माद्रिदच्या 'कोसिदो'त हरभरा असतो. आधी रस्सा, मग हरभरे-भाज्या, शेवटी मांस, असे वाढतात. उत्तरेकडच्या अस्तुरियासमध्ये हरभऱ्याच्या जागी मोठा पांढरा घेवडा येतो. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर, फुर्नास येथे, तर हंडा ज्वालामुखीने तापलेल्या जमिनीत पुरून शिजवतात. हंडा तोच, पण दाणा ज्या त्या रानाचा.

आमच्या रानाचा दाणाच आता बदलला आहे. लातूरच्या शिवारात सोयाबीनने ज्वारी आणि मूग-उडदाला मागे रेटले. पैसा हाती येतो, त्याला नावे ठेवणारा मी कोण? पण सोयाबीन दिवाळीच्या आसपासच खळ्यावर जाते आणि भज्जीत तर ते पडतच नाही. औसा भागातल्या ज्या घरी मी येळवशीला जातो, तेथे एका वर्षी शेंगा बाजारातून आणाव्या लागल्या. म्हाताऱ्या आजी पंगतीत काही बोलल्या नाहीत. पुढच्या पेरणीला मात्र बांधाकडेच्या दोन ओळी त्यांनी तुरीसाठी मागून घेतल्या. मुलगा म्हणाला, "आई, दोन ओळींत काय पिकणार?"

"विकायला नाही रे," आजी म्हणाल्या, "भज्जीपुरती."