चार तळहातांएवढी जमीन

मोटारीच्या टायरांवर निबंध लिहिण्याची पाळी माझ्यावर येईल, असे वर्षभरापूर्वी कोणी म्हणाले असते तर ते मी थट्टेवारी नेले असते. माझी सारी नोकरी लेखा खात्यात गेली, आणि तीही नागपूर, ग्वाल्हेर, रायपूर अशी गावोगाव बिऱ्हाड हलवीत. टायर म्हणजे माझ्या दृष्टीने चार-पाच वर्षांनी उद्भवणारा एक अप्रिय खर्च. तो जितका लांबणीवर टाकता येईल तितका टाकावा, एवढेच माझे त्याविषयीचे तत्त्वज्ञान होते.

ते तत्त्वज्ञान गेल्या पावसाळ्यात ढासळले. भिलाईला नोकरी करणारा आमचा मुलगा एका रविवारी रायपूरला आला आणि जेवता जेवता म्हणाला, “बाबा, जुलैत गाडी घेऊन चेन्नईला जाईन म्हणतो. तिथल्या शर्यतीच्या मार्गावर दोन दिवस चालवायची आहे.”

“शर्यत?” त्याच्या आईच्या हातातला डाव वाढता वाढता थांबला.

शर्यत नव्हे, हे त्याने सविस्तर समजावून दिले. ठरावीक शुल्क भरून आपलीच गाडी मार्गावर न्यायची, पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या, डोक्याला शिरस्त्राण, आधी गाडीची तपासणी. बक्षीस नाही, प्रतिस्पर्धी नाही. स्पर्धा असलीच तर स्वतःच्या मागच्या फेरीशी. मद्रासच्या हौशी मंडळींनी १९५३ साली मोटार क्रीडा मंडळ स्थापन केले. शोलावरमला महायुद्धाच्या काळातली एक धावपट्टी पडून होती, तिच्यावर वर्षानुवर्षे शर्यती झाल्या. पुढे १९९० साली श्रीपेरुंबुदुरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मंडळाचा स्वतःचा मार्ग खुला झाला. लांबी पावणेचार किलोमीटरांच्या आत, वळणे बारा. ग्रेटर नोएडाचा २०११ सालचा मार्ग याहून लांब आणि भव्य आहे खरा, पण मुलाने चेन्नईच निवडले. कारण विचारल्यावर तो म्हणाला, “वाटेत नागपूर लागते. आजीकडे मुक्काम होईल.” या उत्तरापुढे मी हरलो.

मात्र प्रश्न टायरांचा होता. गाडीवरचे टायर झिजले होते. नवे घेणे भाग होते. कोणते घ्यावेत यावर आमच्या घरात तीन आठवडे खल चालला.

अडचण अशी. मार्गावर पकड देणारे रबर मऊ असते. ते तापते, चिकटते आणि भराभर झिजते. दीर्घायुषी टायरचे रबर त्या मानाने कठीण. ते वर्षानुवर्षे टिकते, पण वळणावर आधी तेच हात सोडते. अनेक टायरांच्या बाजूस झिजेचा एक आकडा कोरलेला असतो. प्रमाण टायरला १०० धरून तो काढतात. मार्गावरच्या हौशी चालकांचे टायर २००च्या आसपास, तर रोजच्या वापराचे ४०० किंवा त्याहून वर. हा आकडा ज्याचा तो कारखाना ठरवतो, म्हणून दोन कारखान्यांची तुलना त्यावरून जपूनच करावी. शर्यतीचा अगदी गुळगुळीत टायर तर रस्त्यावर चालवायचाच नसतो. व्यावसायिक लोक गाडी ट्रकवर चढवून नेतात आणि तिथे टायर बदलतात. आमचा मुलगा ज्या टायरांवर मार्गावर फिरणार, त्याच टायरांवर त्याला रायपूरहून चौदाशे किलोमीटर जायचे आणि तितकेच परत यायचे होते.

टाटीबंधच्या बाजूला एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदाराने तीन प्रकारचे टायर भिंतीला टेकवून उभे केले. त्यांच्या अंगावरचे लेख वाचायला मी तिथे शिकलो. १९५/५५ आर १५ म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, उंची तिच्या ५५ टक्के, आत १५ इंची चाक. पुढे ८५ व्ही : एका टायरने ५१५ किलो भार पेलावा आणि ताशी २४० किलोमीटरपर्यंत टिकावे. आणि कोपऱ्यात चार आकडी जन्मतारीख. ०९२५ म्हणजे २०२५ सालचा नववा आठवडा. इतका नेटका हिशेब मी फार थोड्या फायलींत पाहिला आहे.

मुलाचा हात मऊ टायरावर होता, माझा सवयीने सर्वांत टिकाऊ टायरावर. दुकानदार दोघांकडे आळीपाळीने पाहत म्हणाला, “साहब, पहले ये तय करो कि बचाना क्या है.”

त्या माणसाला ठाऊक नव्हते, पण त्याच्या त्या वाक्याने मी एकवीस वर्षे मागे गेलो.

२००४ साली महालक्ष्म्यांसाठी आम्ही रायपूरहून नागपूरला निघालो होतो. गाडी जुनी, टायरांच्या खाचा जवळजवळ नाहीशा झालेल्या. मेकॅनिकने बदला म्हणून सांगितले होते. मी म्हणालो, एवढा पावसाळा निघेल. खाच १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद, हे मला तेव्हा ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि असते तरी मी मोजले नसते. देवरीच्या अलीकडे जंगलातल्या एका वळणावर पाण्याचा पातळ थर होता. खाचांचे काम ते पाणी बाहेर फेकण्याचे. खाचाच नसल्या की टायर रस्त्याला सोडून पाण्यावर तरंगू लागतो. मी सुकाणू फिरविले. गाडी सरळच गेली. सागाच्या एका झाडाच्या हातभर अलीकडे ती चिखलात रुतून थांबली. मागच्या आसनावर सहा वर्षांचा मुलगा झोपला होता. तो जागाही झाला नाही.

मी किती रुपये वाचविले होते, तो आकडा मला आजही पाठ आहे. तो मी घरात कुणाला सांगितला नाही.

त्या दुकानात, ट्रकांच्या धुरळ्यात उभा राहून, मी तो मुलाला सांगितला. तो काही वेळ बोलला नाही. मग मऊ टायरावरचा हात काढून म्हणाला, “मग पाण्याचे आधी बघू.”

त्याने ज्याला हात लावला तो मधला टायर होता : खाचा खोल, बाजूची भिंत ताठ, झिजेचा आकडा ३००. मार्गावर त्याला दोन-चार सेकंदांचा तोटा होणार होता. त्या सेकंदांचे मोल मला कळत नाही; परंतु सत्तावीस वर्षांच्या मुलाला ते कळते, आणि तरी त्याने ते सोडले, याची नोंद मी मनात करून ठेवली. मीही टिकाऊ टायरांचा हट्ट सोडला.

जुलैत आम्ही दोघे निघालो. राजनांदगाव मागे पडल्यावर धो धो पाऊस लागला. देवरीजवळ मुलाने न सांगता वेग कमी केला. गाडी रुळावरून जावी तशी निघून गेली. नवे टायर पहिले काही शे किलोमीटर सौम्यपणे चालवून घ्यावे लागतात. ते काम नागपूरच्या रस्त्याने आपोआप केले.

इरुंगट्टुकोट्टईला माझे काम सावलीत बसण्याचे आणि हवा मोजण्याचे. थंड टायरात ३३ पौंड हवा होती. एका पाळीनंतर ती ३९ झाली. तापल्याने हवा फुगते, टायर मध्यभागी टेकतो आणि पकड घटते. म्हणून ती थोडी काढायची. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, परतीच्या रस्त्याला लागण्यापूर्वी, ती आठवणीने पुन्हा भरायची. नाही तर थंडावलेला टायर भरल्या गाडीने महामार्गावर बसतो आणि आतल्या आत तापून फाटू शकतो. मार्गाची हवा वेगळी, घरच्या वाटेची वेगळी. ज्याची नोकरी बदल्यांत गेली त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम एका तळहाताएवढा. एक टनाची गाडी, तिच्यातली माणसे, त्यांचे हट्ट आणि त्यांची भीती, हे सारे चार तळहातांएवढ्या जमिनीवर उभे असते.

हवा भरलेला पहिला व्यवहार्य टायर १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने केला, तो आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी. शोधाच्या मुळाशी एका बापाची काळजी होती, हे कळल्यावर मला या वस्तूविषयी प्रथमच आदर वाटला.

घरी परतल्यावर मी खाचा मोजल्या. मधोमध झीज नाममात्र. पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा मात्र दोन मिलिमीटर गेलेल्या. अठ्ठावीसशे किलोमीटरांच्या रस्त्याने नेले नाही एवढे त्या दोन दिवसांनी नेले होते. मी तो आकडा डायरीत लिहिला. सवयीने रकान्याला ‘तोटा’ असे शीर्षक देणार होतो. मग थांबलो, आणि नुसते ‘खर्च’ असे लिहिले.